पूर्वकथा केव्हा ऐकावी?

एखादी कथा संपते, तिच्यातील माणसे आपल्या मनात आपापल्या जागी बसतात, कोण भले आणि कोण बुरे याचा निवाडा आपल्यापुरता होऊन जातो. आणि मग कोणीतरी येऊन सांगते की, हे सारे घडण्यापूर्वी काय घडले होते ते तुम्ही ऐकलेलेच नाही. अशा कथेला इंग्रजीत ‘प्रीक्वेल’ हे नाव पडले आहे आणि चित्रपटांमुळे ते आपल्या नातवंडांच्या तोंडी रुळलेही आहे. ‘स्टार वॉर्स’च्या १९७७ सालच्या पहिल्या चित्रपटातला काळ्या मुखवट्याचा क्रूरकर्मा १९९९ सालच्या चित्रपटात नऊ वर्षांचा गोजिरवाणा गुलाम मुलगा होऊन पडद्यावर आला, तेव्हा जगभरची मुले आपल्या ठरलेल्या खलनायकाबद्दल हळहळली. आम्ही या प्रकारास ‘पूर्वकथा’ म्हणू. शब्द जुना आहे आणि प्रकार त्याहूनही जुना आहे.

आमच्यापुढे प्रश्न आहे तो साहित्यप्रकाराचा नव्हे, नीतीचा. एखाद्याचे कृत्य ठाऊक झाल्यानंतर त्याचा भूतकाळ कळला, तर त्या कृत्याविषयीचे आपले मत बदलावे काय? बदलावे, तर किती? आणि बदलू नये, तर मग तो भूतकाळ ऐकण्याचे प्रयोजन तरी कोणते? ‘सर्व समजले की सर्व क्षमा होते’ असे म्हणणारे एक मत आहे, आणि ‘केले ते केले, कारणे कसली सांगता’ असे म्हणणारे दुसरे. व्यवहारात आपण सगळेच सोयीप्रमाणे दोन्ही मते बाळगतो. आपल्या मुलाच्या बाबतीत पहिले, शेजाऱ्याच्या मुलाच्या बाबतीत दुसरे. आमचे मत असे बनत गेले आहे की, या प्रश्नाचे उत्तर पूर्वकथा खरी की खोटी यापेक्षा ती केव्हा सांगितली जाते यावर अधिक अवलंबून आहे. हे मत कसे बनले ते सांगण्यासाठी आपल्या दोन महाकाव्यांकडे जाणे भाग आहे.

वाल्मीकि रामायणाचे उत्तरकांड ही भर मागाहून पडली असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या मनात उत्तरकांड म्हटले की सीतात्यागच उभा राहतो. परंतु त्या कांडाचा जवळजवळ पहिला तृतीयांश भाग रावणाच्या पूर्वकथेने व्यापलेला आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. रामाचा राज्याभिषेक झाला आहे, ऋषिगण अभिनंदनासाठी अयोध्येस आले आहेत, आणि ते रावणवधापेक्षा इंद्रजिताच्या वधाची अधिक प्रशंसा करतात. रामास आश्चर्य वाटते. तो विचारतो आणि अगस्त्य सांगू लागतात: पुलस्त्य, विश्रवा, कैकसी, मग दशग्रीव. कैकसी नको त्या दारुण वेळी विश्रव्याकडे आली म्हणून पुत्र क्रूर निपजले, हे एक कारण. दुसरे कारण आम्हांस अधिक मानवी वाटते. सावत्र भाऊ कुबेर विमानातून पित्याच्या भेटीस येतो. कैकसी मुलाला त्याच्याकडे बोट दाखवून म्हणते की तूही असा हो. त्या एका बोलण्याने दशग्रीव पेटतो आणि गोकर्णास तपाला बसतो. गोव्याहून, कारवारहून वा बेळगावाहून गोकर्णास जाऊन आलेल्या आपल्या वाचकांना तेथील आत्मलिंगाची कथा ठाऊक असेल. उत्तरकांडातले गोकर्ण त्याहून निराळे आहे. तेथे एक मत्सरग्रस्त पोर आईचा शब्द खरा करण्यासाठी बसलेले आहे.

येथवर ऐकले की मन द्रवू लागते. पण कवीने त्याच तपोभूमीवर आणखी दोन भाऊ बसवले आहेत. आई तीच, पिता तोच, कुबेराचे वैभव पाहिलेले डोळेही त्याच घरातले. आणि विभीषण वर मागतो तो संकटातही बुद्धी धर्मावर स्थिर राहावी असा. विश्रव्याने धाकट्या पुत्राविषयी आधीच शुभ भाकीत केले होते, हा आक्षेप येथे कोणी घेईल, आणि तो घ्यावाच. तरीही वर मागण्याची वेळ आली तेव्हा विभीषणाला तो स्वतःच्या तोंडाने मागावा लागला. पूर्वकथा सांगणारानेच तिच्या शेजारी तिचा प्रतिवाद ठेवला आहे.

त्याहून कठोर गोष्ट पुढे आहे. रावणाने सीतेला अशोकवनात स्पर्शही केला नाही, हा त्याचा संयम म्हणून आजकाल व्याख्यानांतून आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांतून मोठ्या कौतुकाने सांगतात. उत्तरकांडाची पूर्वकथा काय सांगते? रावणाने रंभेवर बलात्कार केला. तिचा प्रियकर नलकूबर याने शाप दिला की, इच्छा नसलेल्या स्त्रीवर पुन्हा हात टाकशील तर मस्तक फुटेल. म्हणजे तो संयम नव्हता, भय होते. पूर्वकथा माणसाला सौम्यच करते असा समज असणारांनी हा प्रसंग अवश्य वाचावा. येथे ती खलनायकाचा उरलासुरला गुणही काढून घेते.

आता हीच रावणकथा भागवतात कशी आली आहे पाहा. वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय यांनी सनकादिकांना अडवले, शाप मिळाला, आणि तीन जन्म भगवंताचे वैरी होऊन त्यांना यावे लागले: हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र. सात जन्म भक्त होऊन की तीन जन्म शत्रू होऊन, असा पर्याय त्यांच्यापुढे ठेवला गेला आणि लवकर परतता यावे म्हणून त्यांनी शत्रुत्व पत्करले, असे कीर्तनांतून आपण ऐकत आलो आहोत. भक्तीच्या दृष्टीने या कथेचे सामर्थ्य मोठे आहे. द्वेषानेसुद्धा ज्याचे अखंड स्मरण घडते तो तरतो, ही कल्पना लहान नव्हे. परंतु नीतीच्या तराजूत घातली की ती आम्हांस अस्वस्थ करते. रावणाचे सारे कृत्य जर घरी परतण्याच्या वाटेवरचा एक मुक्काम असेल, तर वाटेत जे चिरडले गेले त्यांचे काय? सीतेचे अशोकवनातले दिवस, जटायूचे तुटलेले पंख, हे कोणाच्या प्रवासाचा खर्च म्हणून मांडायचे? वेदवतीची कथा तर दुसऱ्या बाजूने हेच करते. रावणाने केसांना धरलेली तपस्विनी अग्निप्रवेश करते आणि त्याच्या नाशासाठी पुन्हा जन्म घेते, ती सीता. या कथेत सीतेला कर्तृत्व मिळते, हे खरे. पण तिच्या दुःखाला हेतू चिकटला की ते दुःख बघणाऱ्याला हलके वाटू लागते, हेही तितकेच खरे. सहन करणाऱ्याला ते हलके झाले असेल असे मानण्यास मात्र काहीच आधार नाही.

रावणाचा विषय येथे थांबवतो, कारण खरी कसोटी कर्णापाशी आहे.

कर्णाविषयी मराठी वाचक तटस्थ नाही. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली आणि तेव्हापासून महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांतही क्वचितच असे कपाट असेल की ज्यात तिची एखादी फाटकी प्रत नाही. महाभारताने कर्णाचे बालपण फार थोडक्यात उरकले आहे. सावंतांनी चंपानगरीचे ते दिवस विस्ताराने उभे केले. परिणाम असा होतो की, द्यूतसभेपाशी पोचेपर्यंत वाचक पुरता कर्णाचा झालेला असतो. त्याच वर्षी पुस्तकरूपाने आलेल्या इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मध्ये कर्णाकडे पाहण्याची नजर पुष्कळच कोरडी आहे. एकाच वर्षाने मराठीला ही दोन पुस्तके दिली, आणि आपण प्रेम एकावर केले व आदर दुसऱ्याचा केला. यातच आपला स्वभाव दिसतो.

सभापर्वात कर्ण काय करतो ते एकदा स्पष्ट म्हटले पाहिजे. पाच पतींची म्हणून तो द्रौपदीला वेश्या ठरवतो आणि पांडवांची व तिची वस्त्रे काढून घेण्यास दुःशासनाला सांगतो. आता या कृत्यामागचे कारण कोणास विचारावे, तर बहुतेक जण सांगतील की, स्वयंवरात द्रौपदीने ‘सूतपुत्राला वरणार नाही’ असे म्हणून त्याचा भर सभेत अपमान केला होता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हस्तलिखितांची तुलना करून १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हे वाक्य मूळ संहितेत नाही. ते तळटिपांतल्या पाठांत गेले आहे. म्हणजे असे मानण्यास जागा आहे की, आधी सभेतला अत्याचार होता आणि त्याला साजेसे कारण मागाहून शोधले गेले. आणि ते कोठे सापडले? जिच्यावर अत्याचार झाला तिच्याच तोंडी.

या ठिकाणी आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण हा दोष पोथ्यांच्या लेखनिकांपुरता नाही. सासरी छळ झालेली मुलगी माहेरी परत येते तेव्हा सांत्वनाला आलेल्या बायामाणसांच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात ‘पण आधी काय झालं होतं?’ हा प्रश्न असतोच. प्रश्न निरागस असतो. पण ‘आधी’ नेहमी तिच्याच दिशेने शोधले जाते. तिने काही बोलले असेल, तिने काही केले असेल. वाईट गोष्ट निष्कारण घडली हे मानणे मनाला सोसत नाही, म्हणून ते कारण निर्माण करते, आणि जे माणूस आधीच खाली पडलेले आहे त्याच्या अंगावर ते कारण टाकणे सर्वांत सोपे असते. पूर्वकथा रचणाऱ्याने लेखणी हाती घेताना या मोहाची जाणीव ठेवली पाहिजे. पुष्कळांना ती नसते.

महाभारताचा थोरपणा असा की, याच कर्णाला त्याची स्वतःची पूर्वकथा ऐकण्याची वेळ त्याने आणली आहे. उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि सांगतो की तू कुंतीचा पुत्र आहेस, ज्येष्ठ आहेस, राज्य तुझे आहे. जगातल्या कोणत्याही अपमानिताला यापेक्षा मोठे समर्थन मिळालेले नसेल. आजवर जे जे झाले त्याचे खापर फोडायला एक आई, एक कुळ, एक समाज, सारे त्याच्या ओंजळीत आणून ठेवले आहे. कर्ण ते घेत नाही. तो राधेच्या स्तनांत आपल्यासाठी पान्हा फुटला त्याची आठवण सांगतो, अधिरथाने केलेल्या संस्कारांची सांगतो, आपल्या स्त्रियांची आणि मुलांची सांगतो. हे गुपित युधिष्ठिराला कळू देऊ नका, कळले तर तो राज्य स्वीकारणार नाही, असे विनवतो. आणि याच संभाषणात तो आणखी एक गोष्ट बोलतो: दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना मी जे कटू शब्द बोललो त्या कर्माने आज मी जळतो आहे. आपल्या जन्माची हकीकत समोर उघडी असताना तो ‘म्हणून मी तसे बोललो’ असे म्हणत नाही. कारण म्हणून तो स्वतःची इच्छाच सांगतो, मित्राला खूश करण्याची. आणि ती कोणावर ढकलत नाही. कर्णाच्या चाहत्यांनी त्याच्यासाठी जी सबब तयार केली ती कर्णाने स्वतः नाकारलेली आहे. आमच्या मते त्याची सारी उदारता एका पारड्यात टाकली तरी हे एक वाक्य जड भरेल.

युधिष्ठिराला ही पूर्वकथा कळते ती युद्ध संपल्यावर, गंगेकाठी तर्पणाच्या वेळी. कुंती सांगते की त्यालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर नारदापाशी शोक करताना सांगतो की, द्यूतसभेत कर्णाचे शब्द ऐकून संताप येई, पण त्याच्या पायांकडे दृष्टी गेली की तो संताप ओसरे. ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते, आणि असे का हे तेव्हा कळत नव्हते. मग नारद त्याला कर्णाचे परशुरामाकडचे शिक्षण, शाप, सारे सांगतात. रामायणाची जुळणी येथे ध्यानात यावी. दोन्ही महाकाव्यांत शत्रूची पूर्वकथा सांगितली जाते ती विजेत्याला, आणि तीही शत्रू मेल्यावर. अगस्त्यांनी हीच कथा सेतू बांधण्यापूर्वी रामाला सांगितली असती तर? नारदांनी युधिष्ठिराला कुरुक्षेत्राच्या आदल्या रात्री गाठले असते तर? कर्णाने तर त्याचे उत्तर दिलेच आहे: युद्धच झाले नसते आणि राज्य दुर्योधनाकडे गेले असते. कृत्य थांबवायचे असते तेव्हा कर्त्याचे बालपण ऐकत बसता येत नाही. दुःशासनाचा हात द्रौपदीच्या वस्त्रावर असताना त्याला लहानपणी कोण काय बोलले होते हा प्रश्न अश्लील ठरतो. पण विजयानंतरही जर ती कथा कोणी सांगितली नाही, तर विजेता आपल्या न्यायाविषयी इतका निःशंक होतो की त्याचा पुढचा न्याय बिघडतो. युधिष्ठिराचा तसा बिघडला नाही, कारण तो आयुष्यभरासाठी सशंक झाला.

तरीही महाकाव्यांनी एक पायरी चुकवली असे आम्हांस वाटते. मेलेल्याला पूर्वकथेचा उपयोग नाही. या बाबतीत आपले कायदेपुस्तक अधिक शहाणे आहे, हे वाचून कोणास नवल वाटेल. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कलम २३५(२) अन्वये एक नवी गोष्ट आणली: सत्र न्यायालयात आरोपी दोषी ठरल्यावर, पण शिक्षा ठरण्यापूर्वी, त्याचे म्हणणे शिक्षेच्या प्रश्नावर स्वतंत्रपणे ऐकले पाहिजे. तो कोण आहे, कोठून आला, त्याच्यावर कोण अवलंबून आहे, सुधारण्याचा संभव आहे काय, हे सारे तेव्हा सांगावयाचे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली बचन सिंग खटल्यात मृत्युदंडाच्या संदर्भात सांगितले की, केवळ गुन्हा नव्हे, गुन्हेगारही पाहिला पाहिजे. २०२४ च्या जुलैपासून नवी नागरिक सुरक्षा संहिता अंमलात आली. तिच्यातही ही तरतूद राहिली आहे. क्रम कसा आहे पाहा. काय केले, हे आधी ठरते. त्यात बालपणाला जागा नाही. मग ज्याने केले तो कोण, हे ऐकले जाते. आणि ते अशा वेळी की ऐकल्याचा अजून काही उपयोग आहे. प्रत्यक्ष न्यायालयांत हे ऐकणे पुष्कळदा त्याच दिवशी घाईने उरकले जाते, ही तक्रार रास्त आहे. पण क्रमात चूक नाही.

हा क्रम ध्यानात ठेवून आता एका परदेशी पुस्तकाकडे वळू. पूर्वकथेचे साहित्यातील सर्वांत गाजलेले आधुनिक उदाहरण तेच आहे. शार्लट ब्रॉन्टेची ‘जेन एअर’ १८४७ साली प्रसिद्ध झाली. आपल्यापैकी अनेकांनी ती महाविद्यालयात वाचली असेल. थॉर्नफील्डच्या वाड्याच्या वरच्या मजल्यावरून रात्री विचित्र हसू ऐकू येते. विवाहाच्या दिवशी उघड होते की, मालक रॉचेस्टरची जमैकाहून आणलेली पहिली पत्नी बर्था तेथे कोंडलेली आहे. ती वेडी आहे, जनावरासारखी चार पायांवर धावते, शेवटी वाड्याला आग लावते आणि छपरावरून पडून मरते. त्या मृत्यूमुळे जेनचा विवाह शक्य होतो. बर्थाला संपूर्ण कादंबरीत एकही सुसंगत वाक्य बोलायला मिळत नाही. तिच्याविषयी जे कळते ते सारे तिला कोंडणाऱ्या नवऱ्याच्या तोंडून. म्हणजे दोषही ठरला, शिक्षाही झाली, आणि ऐकणे झालेच नाही.

ते ऐकण्याचे काम जीन ऱ्हीस या लेखिकेने १९६६ साली ‘वाइड सारगासो सी’ या कादंबरीत केले. एकशे एकोणीस वर्षांनी. ऱ्हीसचा जन्म १८९० सालचा, वेस्ट इंडीजमधल्या डोमिनिका बेटावरचा. आईकडून ती तेथल्या जुन्या गोऱ्या वसाहतवाल्यांपैकी. तिच्या कादंबरीत बर्थाला खरे नाव मिळते, अँटॉइनेट. गुलामगिरी कायद्याने नुकतीच उठली आहे. मळ्यांचे मालक बुडाले आहेत. काळ्या शेजाऱ्यांच्या लेखी ती जुलमी घराण्यातली, आणि इंग्लंडहून आलेल्या गोऱ्यांच्या लेखी कमअस्सल. कोणत्याही बाजूला ती पुरती आपली नाही. (पिढ्यान्‌पिढ्या एका प्रांतात राहून तेथे ‘दक्षिणी’ आणि पुण्यात ‘बाहेरचे’ ठरलेल्या आपल्या वाचकांना या एकाकीपणाची किंचित ओळख पटेल, त्याहून अधिक साम्य आम्ही सुचवीत नाही.) तिचा नवरा तिला तिच्या नावाने हाक मारायचे सोडून बर्था म्हणू लागतो. नाव गेले की माणूस जाण्यास फारसा वेळ लागत नाही, हे लेखिका काही न सांगता दाखवते.

या पुस्तकात आम्हांस दोन गोष्टी विशेष मोलाच्या वाटतात. एक म्हणजे मधला मोठा भाग ऱ्हीसने नवऱ्याच्या तोंडी दिला आहे. धाकटा मुलगा, बापाने पैशासाठी लग्न लावून दिलेला, परक्या बेटावर गोंधळलेला असा तो आहे. त्याचीही पूर्वकथा आहे, आणि ती ऐकूनही त्याने केलेला अन्याय तसूभर कमी होत नाही. दुसरी गोष्ट शेवटाची. आपण सारे जाणतो की वाडा जळणार आहे. अँटॉइनेट हाती मेणबत्ती घेऊन अंधाऱ्या वाटेने निघते, आणि पुस्तक तेथेच थांबते. जे कृत्य जुन्या कादंबरीने तिच्या नावावर लिहिले आहे ते नवी कादंबरी पुसत नाही आणि त्याचे समर्थनही करीत नाही.

पण उजेड एका कोपऱ्यात नेला की दुसरा अंधारात जातो. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ सालच्या एका निबंधात दाखवले की, अँटॉइनेटची काळी दाई क्रिस्तोफीन ही या पुस्तकातली सर्वांत खंबीर स्त्री, आणि तरी तीच कथेतून मध्येच बाहेर घालवली जाते. तिचे काय झाले हे कोणी विचारीत नाही. अँटॉइनेटच्या बालमैत्रिणीने, टियाने, तिच्या तोंडावर दगड मारला. टियाची पूर्वकथा लिहिली गेली नाही. जिच्या घराण्याने माणसे विकत घेतली तिला शंभर वर्षांनी ऐकणारा मिळाला. जी विकली गेली त्यांचा क्रम अजून लागायचा होता. ऱ्हीसला हा दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. एका पुस्तकाने एक दार उघडले तरी पुष्कळ झाले. पण वाचकाने दारे मोजावीत.

आणि मोजायचीच तर आपल्या घरापासून. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथल्या आपल्या बहुतेक घराण्यांची कहाणी होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या अठराव्या शतकातील मोहिमांपासून सुरू होते. कुलवृत्तांत हा आपल्या भाषेतला मोठा निराळा ग्रंथप्रकार आहे. तो म्हणजे घराण्याची पूर्वकथाच. मूळ गाव, कुलदैवत, पहिला पुरुष कोणाबरोबर उत्तरेस आला, त्यास कोणती सनद मिळाली, हे त्यात साक्षेपाने नोंदलेले असते. त्या सनदेच्या आधी त्या गावचा वसूल कोणाच्या घरात जात होता, ही माहिती बहुधा नसते. वंशावळीतल्या पुरुषाला पूर्वज असतात. सुनेला अनेकदा केवळ सासरचे नाव असते.

बंगालात तर आपण कथेतले राक्षसच आहोत. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी १७४२ पासून सुमारे दहा वर्षे तेथे जी लूट केली तिची आठवण ‘बर्गी’ या शब्दाने आजही अंगाईगीतात टिकून आहे. मूल झोपावे म्हणून आई आपले नाव घेते. बर्गी म्हणजे आपला बारगीर, ज्याचा घोडा स्वतःचा नसून सरकारचा असे. त्याची पूर्वकथा लिहिणे अवघड नाही. कोरडवाहू जमीन, थकलेला पगार, वरून आलेला हुकूम, घरी वाट पाहणारी माणसे. ती खरीही असेल. आपल्यापैकी कोणा कादंबरीकाराने ती लिहावीही. फक्त अंगाईगीत म्हणणाऱ्या आईसमोर ती पहिले वाक्य म्हणून वाचू नये.

गंमत अशी की, ही पूर्वकथा एका बंगाली कवीने आपल्या आधीच लिहून ठेवली आहे. गंगाराम नावाच्या कवीचे ‘महाराष्ट्र पुराण’ हे काव्य त्या धामधुमीच्या काळातलेच आहे. त्यात आरंभी पापाच्या भाराने त्रासलेली पृथ्वी ब्रह्मदेवाकडे जाते आणि मग शंकर नंदीकरवी शाहू राजाला प्रेरणा देतो. म्हणजे मराठे आले ते देवाच्या इच्छेने. ज्याची गावे जळत होती त्या कवीने जाळणाऱ्यांना जय-विजयांच्या पंक्तीस बसवले. पुढे तो गावोगावची नावे घेऊन जाळपोळ, लूट, स्त्रियांची विटंबना, सारे वर्णन करतो, आणि सेनापती भास्करराम कोल्हटकरांनी काटवा येथे मांडलेल्या दुर्गापूजेपाशी येतो. १७४२ साली ही पूजा अलिवर्दीखानाच्या हल्ल्यामुळे अर्धवट राहिली, हा इतिहास आहे. काव्यात मात्र ब्राह्मणांवर आणि स्त्रियांवर झालेले अत्याचार पाहून देवीच भास्कररामावर कोपते आणि आपली कृपा नबाबाकडे वळवते. १७४४ साली भेटीस बोलावून नबाबाने भास्कररामाचा वध केला. गंगारामाचे उपलब्ध काव्य तेथपर्यंत येते.